सोसायटीची दांडिया नाइट: प्रायोजक कसे मिळवायचे, परवानग्या कोणत्या आणि दहाच्या ठोक्याला काय होतं?

दरवर्षी श्रावण संपत आला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "यंदा दांडिया करायचा का?" पाच मिनिटांत चाळीस अंगठे येतात. मग दुसरा प्रश्न येतो, "पैसे कोण देणार?" आणि ग्रुप शांत होतो.

देखभाल शुल्कातून नाचगाण्यावर खर्च करायला अनेकांचा विरोध असतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. घरटी वर्गणी काढली तर भाडेकरूंनी द्यायची की नाही, यावर वाद होतो. शेवटी कुणीतरी सुचवतं की कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला विचारू, नवीन जिम उघडली आहे तिला विचारू. छोट्या कौटुंबिक कार्यक्रमासाठी हा मार्ग चांगला आहे. पण प्रायोजक आला की त्याच्यासोबत अटी येतात, कागद येतात आणि कधीकधी पाहुणेही येतात. ते सगळं आधी समजून घेतलं तर संध्याकाळ घरच्यांची राहते.

दुकानदाराला कधी विचारायचं?

गणपतीच्या आधी. बहुतेक जण इथेच चुकतात. गणेशोत्सवात एकेका दुकानदाराकडे चार-पाच मंडळांची पावतीपुस्तकं येऊन गेलेली असतात. त्यानंतर पितृपक्षात तुम्ही सहावे म्हणून गेलात, तर तो हसून पाचशे एक रुपये काढून देईल. ती वर्गणी झाली, प्रायोजकत्व नव्हे. श्रावणात गेलात तर तो बसवून चहा देईल आणि नीट ऐकून घेईल.

सांगायचं काय? उत्सवाला हातभार लावा, असं नाही. त्याच्या फायद्याचं सांगायचं. दसऱ्यानंतर साधारण तीन आठवड्यांत दिवाळी येते. मिठाईवाला, कपड्यांचं दुकान, सोनार, मोबाइलवाला या सगळ्यांचा वर्षातला मोठा धंदा त्याच दिवसांत होतो. त्याच्या तोंडावर सव्वाशे घरं एका जागी तीन तास असणार आहेत, आणि ती सगळी घरं त्याच्या दुकानापासून चालत जायच्या अंतरावर आहेत. शहरभर जाहिरात करून त्याला हे मिळत नाही. आकडा मात्र खरा सांगा. सव्वाशे घरं म्हणजे पाचशे माणसं असा गुणाकार करू नका. निम्मी आली तरी चांगली गर्दी म्हणायची. एकदा फुगवून सांगितलं की पुढच्या वर्षी तो दारात उभं करत नाही.

रोख पैशांपेक्षा वस्तू मागणं अनेकदा सोपं जातं. मंडपवाला सतरंज्या आणि खुर्च्या देतो, पाण्याचे जार कुणी देतं, बक्षिसांच्या डब्या भांड्यांच्या दुकानातून येतात. कोजागरीलाच कार्यक्रम असेल तर डेअरीवाल्याकडे नुसतं दूध मागा. दोनशे माणसांना प्रत्येकी दीडशे मिलिलिटर म्हणजे ३० लिटर, आणि आटून कमी होतं म्हणून ३५-३६ लिटर धरा. डेअरीवाल्याला हे दूध बाजारभावापेक्षा स्वस्तात पडतं आणि तुमचा मोठा खर्च वाचतो. शिवाय मसाला दुधाच्या पेल्यासोबत त्याचं नाव लोकांच्या जास्त लक्षात राहतं. भिंतीवरचा फ्लेक्स कोण वाचतो?

कोणाला नाही म्हणायचं?

पैसे देणारा प्रत्येक जण प्रायोजक चालतोच असं नाही. तंबाखूजन्य पदार्थांची जाहिरात आणि प्रायोजकत्व २००३ च्या कायद्याने बंद आहे. वेलची किंवा माउथ फ्रेशनरच्या नावाखाली तोच ब्रँड पुढे येत असेल, तर लहान मुलांच्या कार्यक्रमात त्याला जागा देऊ नये, एवढं तरी समितीने ठरवावं.

डॉक्टर आणि वकील यांचं थोडं वेगळं आहे. आपल्याच इमारतीतले दंतवैद्य किंवा वकील उत्साहाने पैसे देऊ करतात. पण त्यांच्या व्यवसायांच्या आचारनियमांत जाहिरात करून ग्राहक मिळवण्याला मनाई आहे. त्यांचा फ्लेक्स लावून आपणच त्यांना अडचणीत आणतो. डॉक्टरांना प्रथमोपचाराच्या टेबलाशी बसायला सांगा. दांडियात टिपरी बोटांवर लागणं अटळ असतं, त्यामुळे ते टेबल रिकामं राहत नाही.

सर्वांत नाजूक प्रकरण म्हणजे भावी नगरसेवक. तो संपूर्ण खर्च उचलायला तयार असतो, एलईडी भिंतही आणतो. त्या बदल्यात त्याला फक्त "दोन शब्द" बोलायचे असतात. आचारसंहिता लागू असेल तर असा कार्यक्रम प्रचार धरला जाऊ शकतो आणि खर्च उमेदवाराच्या हिशेबात जाऊ शकतो. आचारसंहिता नसली तरी इमारतीत दोन पक्षांची माणसं राहतातच. एका पक्षाच्या पैशाने नाचायला दुसरी बाजू खाली येत नाही, आणि मग तो कार्यक्रम अर्ध्या सोसायटीचाच होतो. माझं मत स्पष्ट आहे: त्यांना पाहुणे म्हणून बोलवा, पैसे घेऊ नका.

बदल्यात काय द्यायचं, ते कागदावर

मोठा करारनामा लागत नाही, एका पानाचं पत्र पुरतं. त्यात रक्कम किंवा वस्तू, फलकाचा आकार आणि जागा, स्टॉलसाठी टेबल मिळणार की नाही, माइकवरून नाव किती वेळा घेणार आणि ग्रुपवर किती पोस्ट टाकणार, एवढं लिहा. त्याच धंद्यातला दुसरा प्रायोजक घेणार की नाही, हेही लिहा. दोन डेअऱ्यांचे फलक शेजारी लागले की दोघेही नाराज होतात.

आणि भाषणाची वेळ लिहाच. आमच्याकडे एका वर्षी मुख्य प्रायोजकाने प्लॉटच्या योजनेची माहिती द्यायला माइक घेतला. सव्वाआठला सुरू झालेलं बोलणं नऊ वाजता थांबलं. तोवर लहान मुलं सतरंजीवर झोपली होती आणि नाचायला फक्त एक तास उरला होता. दोष त्या माणसाचा कमी, आमचा जास्त. किती मिनिटं बोलायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता आमच्या पत्रात एक ओळ असते: सत्कार आणि मनोगत मिळून तीन मिनिटं.

आणखी एका मागणीपासून सावध राहा. क्लासवाले आणि जिमवाले लकी ड्रॉची कुपनं वाटू म्हणतात. कुपनावर नाव, मोबाइल नंबर आणि मुलाची इयत्ता विचारलेली असते. बक्षीस एकाला मिळतं आणि फोन सगळ्यांना येतात. वैयक्तिक माहिती घेताना संमती हवी आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, ही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची भूमिका आहे. सोपा उपाय म्हणजे ड्रॉ फ्लॅट नंबरवर काढा. प्रायोजकाला स्टॉल द्या, ज्याला हवं तो स्वतः नंबर देईल.

पैसे सोसायटीच्या किंवा नोंदणीकृत मंडळाच्या खात्यातच घ्या, कुणा एकाच्या यूपीआयवर नको. तो माणूस कितीही सज्जन असला तरी नको, किंबहुना तो सज्जन आहे म्हणूनच नको. दुकानदाराला पावती द्या. तो हा खर्च जाहिरातीचा म्हणून दाखवू शकतो. पण ८०जी ची सवलत मिळेल असं सांगू नका, त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते. सोसायटीची जीएसटी नोंदणी असेल तर आधी सीएला विचारा. आणि सोसायटीबाहेरच्या लोकांकडून धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करणार असाल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१सी नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश आणि नवरात्र मंडळं ती दरवर्षी घेतात.

परवानग्या

"आपल्याच आवारात आहे, परवानगी कशाला?" हा समज चुकीचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपक वापरायला लेखी परवानगी लागते. त्यासाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा. सोबत सोसायटीचं पत्र, जागा, वेळ आणि जबाबदार व्यक्तींची नावं. नवरात्रात अर्जांची रीघ लागते, म्हणून किमान पंधरा दिवस आधी जा.

फ्लेक्स आवाराच्या आत असेल तर सोसायटीची संमती पुरते. बाहेर चौकात किंवा विजेच्या खांबावर लावायचा तर महापालिकेची परवानगी हवी. मे २०२४ मध्ये घाटकोपरला फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेव्हापासून या बाबतीत महापालिका जास्त काटेकोर झाल्या आहेत. खाद्यपदार्थांचे स्टॉल असतील तर त्यांच्याकडे एफएसएसएआय नोंदणी आहे का ते बघा. तिकीट लावणार असाल तर प्रकरण सार्वजनिक करमणुकीच्या परवान्यापर्यंत जातं. छोट्या सोसायटीने त्या वाटेला जाऊच नये.

गाण्यांचे पैसे द्यावे लागतात का?

याबद्दल सोशल मीडियावर दोन टोकांचे मेसेज फिरतात. एकात म्हटलेलं असतं, "सण आहे, काही लागत नाही." दुसऱ्यात, "एक गाणं वाजवलं तरी नोटीस येते."

ध्वनिमुद्रित गाण्यात दोन हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचे हक्क अनेक संगीत कंपन्यांच्या वतीने पीपीएल किंवा नोव्हेक्ससारख्या संस्था सांभाळतात. शब्द आणि चालीचे हक्क आयपीआरएसकडे असतात. सार्वजनिक कार्यक्रमासाठी त्यांचा परवाना घ्यायचा असतो. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही अपवाद आहेत. रहिवाशांच्या सामाईक वापराच्या बंदिस्त सभागृहात, त्यांच्यासाठीची सोय म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवणं हा एक. नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या उपक्रमाचा भाग म्हणून ऐकवणं हा दुसरा. हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर सादर केलेलं संगीत हा तिसरा. खरा धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले सोहळे यांनाही सूट आहे. मात्र तिचा अर्थ ताणता येत नाही. लग्नसमारंभांतल्या संगीताबाबत गोवा सरकारने काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं.

म्हणजे सोसायटीच्या हॉलमधला, फक्त रहिवाशांचा, विनातिकीट कार्यक्रम बऱ्यापैकी सुरक्षित. मोकळं मैदान, बाहेरची गर्दी, प्रवेश शुल्क आणि मोठे प्रायोजक जमले की अपवादाचा आधार कमी होत जातो आणि परवाना घेणं शहाणपणाचं ठरतं. इन्स्टाग्राम किंवा फेसबुक लाइव्हचा याच्याशी संबंध नाही. तिथे प्लॅटफॉर्म गाणं ओळखून आवाज बंद करतो, तुमच्याकडे कार्यक्रमाचा परवाना असला तरीही.

ढोलकी, ढोल आणि गाणारी चार माणसं असतील तर पारंपरिक गाण्यांना कुणाचेच पैसे लागत नाहीत. भोंडला याच कारणाने उत्तम. मधोमध पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर, गाणी आजींना पाठ, शेवटी खिरापत ओळखायची. ध्वनिक्षेपकाची गरज नाही, आणि एरवी खुर्चीत बसून राहणाऱ्या पिढीला त्यात पुढे यायला मिळतं. गुजरातच्या गरब्याला डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. भोंडला यादीत नसला तरी कार्यक्रमाची पहिली पाऊण तास त्यालाच द्या.

आवाज, आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा

निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. खासगी आवारातल्या ध्वनियंत्रणेचा आवाज हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. म्हणजे संध्याकाळी हद्दीवर ६०. साध्या गप्पांचा आवाज जवळपास एवढाच असतो! बहुतेक दांडिया ही मर्यादा ओलांडतात, हे खोटं कशाला बोला. पण तिच्या जवळ राहणं शक्य आहे.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकर हद्दीपासून २० मीटरवर असेल आणि हद्दीवर ६० हवे असतील, तर स्पीकरपासून ५ मीटरवर सुमारे ७२ मिळतात. फेर धरायला ते पुरतं. म्हणून कोपऱ्यात दोन राक्षसी भिंती उभ्या करण्याऐवजी चार लहान स्पीकर मधल्या बाजूला तोंड करून ठेवा. बेस कमी करायला सांगा, कारण भिंतीतून आरपार जातो तो बेसच. लेझर दिवे तर नकोतच. डोळ्यांना इजा होते म्हणून पुणे, कोल्हापूरसह अनेक शहरांत पोलिसांनी गणेशोत्सवात त्यांवर बंदी घातली आहे.

वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यात नवरात्रातले सहसा मोजकेच दिवस असतात, सगळे नऊ नाहीत. आपला दिवस यादीत आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारा. फॉरवर्ड आलेल्या यादीवर विसंबू नका.

कागदावर नसलेलं एक काम मात्र समितीने स्वतः करायचं. ज्या घरात आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे किंवा नुकतंच कुणी गेलं आहे, त्या घरी आदल्या आठवड्यात जाऊन यायचं. कार्यक्रम कधी सुरू होणार, कधी संपणार आणि त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे सांगायचं. एकदा असं गेलो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "ह्यांना ऑक्सिजन लावलाय, पण साडेआठपर्यंत चालेल. त्यांनाही जरा गाणी ऐकू दे." त्या वर्षी आम्ही दांडिया साडेआठला थांबवला आणि पुढचा दीड तास मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, स्पीकर बंद ठेवून, ढोलकीवर फेर धरला. प्रायोजक डेअरीवाले तेव्हा निघून जातील असं वाटलं होतं. ते शेवटपर्यंत थांबले, आणि उरलेलं दूध स्वतः वर नेऊन दिलं.