कॅमेरा मोठा की छोटा? : एका निवडीचा इतिहास

मागचं व्याख्यान संपल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी मला जिन्यात भेटली. आता ती कोकणात एका कॉलेजात शिकवते. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या वाड्यांवर जाऊन जुनी घरं, चुली, जाती आणि ती अजून वापरणाऱ्या म्हाताऱ्या बायका यांची नोंद करून ठेवायची असं तिने ठरवलंय. ती म्हणाली, "सर, पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते आहेत. मिररलेस घेऊ की खिशात मावणारा छोटा कॉम्पॅक्ट?" आता हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या मास्तराला विचारायचा म्हणजे वैद्याला पंचांग विचारण्यासारखं आहे. (हशा) पण मी तिला म्हटलं, महिनाभर थांब, व्याख्यानातच उत्तर देतो. ती आज इथे बसली आहे, म्हणजे सुटका नाही.

तर पहिल्यांदा नावाकडे बघू. "मिररलेस" म्हणजे आरसा नसलेला. एखाद्या वस्तूला तिच्यात जे नाही त्यावरून नाव द्यायचं, ही गंमतच आहे. वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानलं, आणि नैयायिकांनी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. त्यांचं म्हणणं असं की अभाव हा नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. आणि जिथे एखादी गोष्ट असायला हवी होती, असती तर दिसलीच असती, तिथेच तिचं नसणं जाणवतं. भिंतीवर घड्याळाची मोकळी खुंटी दिसली तर आपण म्हणतो, "घड्याळ नाही." आंब्याच्या झाडावर घड्याळ नाही असं कोणी म्हणत नाही. जुन्या लायका कॅमेऱ्यातही आरसा नव्हता, पण त्याला कोणी मिररलेस म्हटलं नाही, कारण तिथे आरशाची अपेक्षाच नव्हती. मध्ये पन्नासेक वर्षं आरशाने राज्य केलं, म्हणून त्याचं जाणं नावात उरलं. तेव्हा ही निवड समजून घ्यायची तर आरशाच्या आधीपासून सुरुवात करावी लागते.

१८३९ साली पॅरिसमध्ये डागेरची पद्धत जाहीर झाली, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा. म्हणजे ही कला आपल्याकडे फार उशिरा आली असं नाही. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे पेटीच. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत काढली. काचेवर रसायन चढवायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. वाळली की संपलं. म्हणजे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे अंधारखोलीही सोबत न्यायची. सॅम्युएल बॉर्न १८६३ मध्ये भारतात आला आणि हिमालयात हिंडला, तो डझनावारी हमाल घेऊन. काचा, रसायनाच्या बाटल्या, काळा तंबू, सगळं माणसांच्या पाठीवर. त्याचे फोटो आजही बघा, दरीतला दगड न् दगड मोजता येतो. मोठ्या काचेवर मोठं चित्र उतरलं, आणि ते टिकलं. मोठ्या कॅमेऱ्याची बाजू मांडायची तर बॉर्नचं नाव पुरे आहे. पण त्या फोटोंत हमाल फारसे दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. वजन उचलणारा कोणीतरी दुसराच होता.

मग दुसरी बाजू आली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची गुंडाळी. संपली की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. ते १० डॉलर घेऊन फोटो धुऊन, नवी गुंडाळी भरून परत देणार. १९०० साली त्याचाच ब्राउनी कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला. जाणकारांनी नाकं मुरडली. पण घरातलं लेकरू रांगतंय, अंगणात म्हातारी बसलीये, असले फोटो त्यानंतर निघायला लागले. बॉर्नने हमाल लावून दरी टिपली असती, रांगणारं लेकरू नसतं टिपलं. लेकरू थांबत नाही.

आता या कथेतला मला सगळ्यात आवडणारा माणूस, ऑस्कर बारनाक. जर्मनीत वेट्झलार गावी लाइट्झ नावाची सूक्ष्मदर्शकं बनवणारी कंपनी होती. तिथे हा कामाला. त्याला फोटोचा नाद, आणि त्याला दमा. काचांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणं त्याला झेपेना. त्याने काय केलं? सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली. सिनेमातली चौकट १८ बाय २४ मिलिमीटर. त्याने ती दुप्पट करून २४ बाय ३६ केली आणि तिच्याभोवती हातात मावेल असा कॅमेरा बांधला. साल १९१४ च्या आसपास. मग महायुद्ध आलं. १९२४ मध्ये मालकाने धोका पत्करायचं ठरवलं आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' बाजारात आला.

इथे जरा थांबा. आज दुकानदार ज्याला "फुल फ्रेम" म्हणतो, म्हणजे पूर्ण चौकट, ते माप हेच, २४ बाय ३६. आज ती मोठ्या कॅमेऱ्याची खूण आहे. जन्माला आली ती मात्र छोट्या कॅमेऱ्याची चौकट म्हणून, एका दमेकरी माणसाच्या सोयीसाठी. मोठं काय आणि छोटं काय, हे शेजारी काय ठेवलंय त्यावर ठरतं.

या दोन प्रवृत्ती आपल्याच इतिहासात समोरासमोर आल्या. मार्गारेट बर्क-व्हाइट १९४६ मध्ये चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचा फोटो काढायला गेल्या. गांधीजींना लख्ख उजेड सोसत नसे, म्हणून फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने तो जगप्रसिद्ध फोटो दिला. पुढे ३० जानेवारी १९४८ च्या रात्री त्या बिर्ला हाउसमध्ये शिरल्या. फ्लॅश उडाला, भोवतीचे शोकाकुल लोक संतापले, आणि त्यांची फिल्म काढून घेण्यात आली. त्याच ठिकाणी आँरी कार्तिए-ब्रेसाँ होता. त्याच्याकडे लायका, फ्लॅश नाही, होता तेवढा उजेड. त्याचे फोटो उरले. दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद मला घालायचाच नाही. चरख्याचा फोटो लायकाने कदाचित इतका भरीव आला नसता. पण मृत्यूच्या घरी कोणतं उपकरण चालतं, हा प्रश्न तंत्राचा राहत नाही, तो वागणुकीचा होतो.

आणि तिसरी गोष्ट. होमाई व्यारावाला, आपल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. त्याही त्या संध्याकाळी प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. उद्या दोघं मिळून जाऊ म्हणून नवऱ्याने परत बोलावलं. ही हुकलेली वेळ त्यांना आयुष्यभर लागून राहिली. त्यांच्या हाताशी तेव्हाचे उत्तम कॅमेरे होते. पण त्या क्षणी त्या तिथे नव्हत्या.

मग आरसा कधी आला? भिंगातून जे दिसतं तेच डोळ्याला दिसावं, म्हणून आत तिरका आरसा बसवला. बटण दाबलं की तो वर उचलला जायचा आणि फिल्मवर उजेड पडायचा. १९५९ मध्ये 'निकॉन एफ' आला आणि व्यावसायिकांनी या जातीला आपलं म्हटलं. मौज म्हणजे त्याच साली जपानमध्ये योशिहिसा माइतानी या तरुण इंजिनिअरने 'ऑलिंपस पेन' काढला. त्याने लायकाची चौकट अर्धी केली, म्हणजे पुन्हा सिनेमाच्या १८ बाय २४ वर आला. बारनाकने दुप्पट केलं ते याने अर्धं केलं. एकाच वर्षी एक वाट मोठं होण्याची, एक लहान होण्याची.

आमच्याकडे तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री मिळाला तरी गल्लीत मान वाढायचा. एका रोलमध्ये १२ फोटो. बारावा फोटो कोणाचा, यावर आमच्या घरी दोन दिवस बोलणी चालायची. (हशा)

डिजिटल काळात फिल्मच्या जागी सेन्सर आला, आणि मग २००८ मध्ये पॅनासॉनिकने 'जी वन' काढून आरसा काढून टाकला. भिंग आणि सेन्सर यांच्यामध्ये आरशाला जागा लागायची, ती वाचली. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, आरसा नसलेल्या नव्या जातीत १६ झालं. म्हणजे मिररलेसची पहिली प्रतिज्ञाच "मी लहान आहे" ही होती. पण २०१३ मध्ये सोनीने त्यात पूर्ण चौकट बसवली, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन त्याच वाटेने आले. आरसा गेल्याने शरीर बारीक झालं, पण मोठ्या सेन्सरभर उजेड पाडायचा तर भिंग मोठंच लागतं. 'सोनी ए सेव्हन फोर'चं वजन ६५८ ग्रॅम, त्यावरचं चांगलं झूम भिंग आणखी ६९५ ग्रॅम. झाला सव्वा किलोच्या वर.

उलट बाजूला छोटे कॅमेरे. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यांत बहुतेक हे छोटेच. मग फोनने ती जात जवळजवळ गिळली. जे उरले ते फोनला जमत नाही ते करणारे. २०१२ चा सोनीचा 'आरएक्स १००', सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. किंवा रिकोचा 'जीआर थ्री', २५७ ग्रॅमचा, पण आत सेन्सर चांगला २३.५ बाय १५.६.

या मापांचा अर्थ काय? पावसात पागोळ्यांखाली वाटी ठेवा आणि परात ठेवा. पाऊस तोच, पण परातीत जास्त पाणी जमतं. पूर्ण चौकटीचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, 'आरएक्स'चं साधारण ११६, म्हणजे सातपटीहून जास्त फरक. रिकोशी तुलना केली तर फरक सव्वादोन ते अडीच पटींचा. भर उन्हात हा फरक फारसा जाणवत नाही. पण कंदिलाच्या उजेडात फोटो रवाळ होतो तो इथे.

आता माझं सांगतो. निवृत्त झालो तेव्हा मी मोठा कॅमेरा घेतला, दोन भिंगं, पिशवी. माझी थोरली बहीण, आमची अक्का, गावी दर मे महिन्यात आमसुलं करायची. अंगणात सोलं पसरायची, आगळाचं पुट द्यायची, परत वाळवायची. हात कोपरापर्यंत लाल. मी दरवर्षी म्हणायचो, पुढच्या खेपेला कॅमेरा आणतो, नीट काढू. एसटीने जायचं, खांदा दुखायचा, पिशवी पुण्यातच राहायची. तीन मे असे गेले. चौथ्या मेमध्ये अक्का नव्हती. तिचा लाल हातांचा एकच फोटो आहे. भाचीने तिच्या छोट्या कॅमेऱ्याने पडवीतून काढलेला, जरा हललेला. माझ्याकडे चोवीस मेगापिक्सेलमध्ये पर्वतीवरचे पुष्कळ सूर्यास्त आहेत.

ॲरिस्टॉटल म्हणतो, दहा मिना अन्न फार आणि दोन थोडं, म्हणून सगळ्यांना सहाच वाढा असं होत नाही. मायलो पहिलवानाला सहा कमी पडेल, नवशिक्याला तेच जास्त होईल. मध्य काढायचा तो आपल्यासंबंधी, वस्तूसंबंधी नव्हे. दुकानातले तक्ते वस्तूचा मध्य सांगतात. आपला आपल्यालाच काढावा लागतो.

तेव्हा बाई, तुझं उत्तर. पक्षी टिपायचे असते, देवळाच्या शिखरावरची शिल्पं लांबून हवी असती, किंवा भिंतीएवढे छाप काढायचे असते, तर मी म्हटलं असतं, मिररलेस घे आणि वजन सोस. पण तू एसटीने जाणार, अंधाऱ्या स्वयंपाकघरात बसणार, आणि समोर ऐंशी वर्षांची बाई. तिच्यापुढे सव्वा किलोचं यंत्र काढलंस की ती दळायचं थांबून पदर सारखा करेल. तुला दळणं हवंय. तू छोटाच घे, पण मोठ्या सेन्सरचा घे, कारण त्या घरात उजेड कमी आहे. त्यात तोटे आहेत. असल्या कॅमेऱ्यात बहुधा झूम नसतं, म्हणजे जवळ जायचं तर पायांनी जायचं. भिंग बदलता येत नाही. आत धूळ गेली तर घरी काढता येत नाही. हे माहीत असू दे. उरलेल्या पैशांत एक ज्यादा बॅटरी घे, आणि फोटो छापून त्या बायकांना नेऊन दे.

आणि या मे महिन्यातच जा. पुढच्या मेची वाट बघू नकोस.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, फक्त कंपनी कोणती घेऊ हे विचारू नका. (हशा)