नवशिक्याची हरवलेली सोय

छायाचित्रणाची कला नव्यानें शिकणारास डिजिटल कॅमेऱ्याची सर्वांत मोठी सोय वाटते ती ही कीं, कळ दाबल्याबरोबर चित्र डोळ्यांपुढें येतें आणि चूक जागच्याजागीं कळते. ही सोय अगदीं नवी आहे असा सामान्य समज आहे. इतिहास पाहतां आम्हांस तो खरा वाटत नाहीं. ही नवशिक्याची जुनीच ठेव असून, मध्यंतरीं शंभरांवर वर्षें ती त्याच्या हातून गेली होती.

१८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्यांनीं कलोडियनची कृति प्रसिद्ध केली. कांचेवर लेप द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली आहे तोंच चित्र घ्यावयाचें आणि लगेच अंधाऱ्या तंबूंत धुवावयाचें. लेप वाळला कीं कांच फुकट! मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ सालीं, आणि पुढल्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें ही विद्या शिकविण्याचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी ह्यांचें नांव त्या वेळच्या छायाचित्रकारांत आढळतें. त्या काळीं बाटल्या, तंबू, पाणी असा पसारा बाळगून हिंडणाऱ्या शिकाऱ्याचे हाल आम्ही नाकारीत नाहीं; पण कांच काळवंडली कीं उजळली हें त्याला थोड्याच मिनिटांत कळे, आणि तेंच दृश्य, तोच उजेड अद्याप समोर असे.

पुढें कोरड्या कांचा आल्या. १८८८ सालीं जॉर्ज ईस्टमन ह्यांनीं काढिलेल्या कोडक कॅमेऱ्यांत १०० चित्रांची गुंडाळी असे. ती संपली कीं सबंध कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यांत पाठवावयाचा आणि १० डॉलर देऊन चित्रें व नवी गुंडाळी घ्यावयाची. ह्या युक्तीनें ही कला घरोघर गेली, हें खरें. परंतु चित्रें हातीं येईतों कोणतें चित्र कोणत्या प्रहरीं घेतलें ह्याची आठवणही राहत नसे; मग चुकीपासून शिकावयाचें कसें? १९४८ पासून विकला गेलेला पोलरॉइड कॅमेरा ह्यास अपवाद खरा. पण त्याचा कागद महाग.

गंमत अशी कीं, पुढची वाट कोडकच्याच कारखान्यांत फुटली. १९७५ सालीं स्टीव्हन सॅसन ह्यांनीं तेथें जें यंत्र जुळविलें त्याचें वजन सुमारें ८ पौंड होतें. चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचें, आणि तें कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत! मात्र नवशिक्यास त्याची ठेव परत मिळाली ती १९९५ सालीं, पाठीवर पडदा असलेला कॅसिओचा क्यूव्ही-१० कॅमेरा बाजारांत आला तेव्हां.

आतां तर कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर छिद्राचें माप, उजेड घेण्याचा काळ आणि दिवस-वेळ आपण होऊन टिपून ठेवतो. पूर्वीं हौशी मंडळी ह्याच नोंदी वहींत करीत. एका समारंभांत दोनशें चित्रें घेणारे नवशिके आम्ही पुष्कळ पाहतों. ती नोंद उघडून वाचणारा क्वचितच भेटतो.