क्वांटम कॉम्प्युटिंगची ओळख : केळशीसारख्या गावात कार्यशाळा कशी घ्यावी

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा असते : सायन्स की कॉमर्स? आणि सायन्स घेतलं तर गणित ठेवायचं की सोडायचं? बरीच मुलं गणित अवघड म्हणून सोडून देतात. क्वांटम कॉम्प्युटिंगसारख्या नव्या क्षेत्राचा दरवाजा नेमका तिथेच बंद होतो, आणि आई-वडिलांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून या विषयाची ओळख मुलांना अकरावीच्या प्रवेशाआधी व्हायला हवी. दापोली तालुक्यातल्या केळशीसारख्या गावात हे काम दोन दिवसांच्या कार्यशाळेतून होऊ शकतं.

क्वांटम कॉम्प्युटर म्हणजे काय?

आपल्या मोबाइलमधला प्रत्येक बिट एका वेळी ० किंवा १ असतो. क्वांटम कॉम्प्युटरमधल्या बिटाला 'क्युबिट' म्हणतात. तो ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. मोजलं की मात्र उत्तर ० किंवा १ एवढंच मिळतं.

खरी गंमत पुढे आहे. केळशीच्या किनाऱ्यावर दोन लाटा एकमेकींत मिसळताना सगळ्यांनी पाहिल्या असतील. उंचवट्यावर उंचवटा आला की लाट मोठी होते. उंचवट्यावर खळगा आला की पाणी सपाट होतं. क्युबिटच्या अवस्थाही अशाच एकमेकींना वाढवतात किंवा पुसून टाकतात. चुकीची उत्तरं पुसली जावीत आणि बरोबर उत्तर उठून यावं, अशी पायऱ्यांची मांडणी करणं म्हणजे क्वांटम अल्गोरिदम लिहिणं. (अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकातले बगदादचे गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आलेला आहे.)

१९९४ मध्ये पीटर शोर यांनी मोठ्या संख्येचे अवयव झटपट पाडणारी क्वांटम पद्धत मांडली. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या काही कुलपांचा आधारच असे अवयव पाडणं अवघड असण्यावर आहे. त्यामुळे जगभरात नवी कुलपं तयार करण्याचं काम सुरू झालं. आजची यंत्रं मात्र ती कुलपं तोडण्याइतकी मोठी नाहीत, त्यांच्या हातून चुकाही बऱ्याच होतात.

आपल्या देशात काय चाललंय?

१९ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने 'राष्ट्रीय क्वांटम मिशन' मंजूर केलं. त्यासाठी ६,००३.६५ कोटी रुपये ठेवले असून मुदत २०३०-३१ पर्यंत आहे. ५० ते १,००० क्युबिटची यंत्रं बनवणं हे त्यातलं एक उद्दिष्ट. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) अशा क्युबिटवर काम चालतं. तिथे डीआरडीओ आणि टीसीएससोबत ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पार पडली. मिशनच्या चार केंद्रांपैकी सूक्ष्म मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. पुण्याच्या आयसरमध्येही संशोधन होतं. म्हणजे हे काम परदेशातच होतं असं नाही, आपल्याच राज्यात होतं.

दोन दिवसांत काय शिकवावं?

*पहिला दिवस : नाणं आणि संभाव्यता.* हा धडा दहावीच्या गणितात आहेच. मुलांनी नाणं शंभर वेळा उडवून छापा-काटा लिहून काढावा. मग लॅपटॉपवर पायथन भाषेत तेच करून पाहावं.

*दुसरा दिवस : एक क्युबिट.* 'एच गेट' नावाची क्रिया ० वर एकदा केली आणि १,००० वेळा मोजलं, तर साधारण निम्मे ० आणि निम्मे १ येतात. अगदी नाण्यासारखंच. आता तीच क्रिया लागोपाठ दोनदा करून मोजा. लॅपटॉपवर हजारच्या हजार वेळा ० येतो! नाणं दोनदा उडवून असं कधी होत नाही. 'क्युबिट म्हणजे हवेत फिरणारं नाणं' ही सोपी उपमा इथे मोडते आणि खरा विषय सुरू होतो.

शिकवणाऱ्याने शब्दांची अडचण येऊ देऊ नये. काही मुलं मराठी माध्यमाची, काही उर्दू माध्यमाची असतील. फळ्यावर शब्द दोन्ही भाषांत लिहावा आणि समजावताना घरातली बोली वापरावी.

सामान काय लागतं?

एक खोली, फळा आणि चार-पाच मुलांमागे एक लॅपटॉप. शाळा, जमातीचा हॉल, कुठलीही जागा चालेल. आयबीएमचं 'किस्किट' हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ते शहरातूनच टाकून आणलं, तर गावात नेट गेलं तरी काम अडत नाही. २० क्युबिटची नक्कल करायला लॅपटॉपला सुमारे साडेदहा लाख आकडे सांभाळावे लागतात, ते सहज जमतं. ३० क्युबिटना १०७ कोटींहून जास्त आकडे आणि सुमारे १६ जीबी मेमरी लागते. एकेका क्युबिटमागे हा पसारा दुप्पट होतो, म्हणून तर खऱ्या क्वांटम यंत्राची गरज. आयबीएमची खरी यंत्रंही २०१६ पासून इंटरनेटवरून वापरता येतात.

शिकवण्याचं साहित्य नव्याने तयार करायची गरज नाही. 'क्यूवर्ल्ड' या संस्थेचा 'ब्रॉन्झ' हा पायथनवर चालणारा प्राथमिक पाठ खुला आहे. तिची 'क्यूइंडिया' नावाची भारतीय शाखाही आहे.

पालकांनी लक्षात ठेवावं

- अकरावीला गणित सोडू देऊ नका. सारणी आणि संमिश्र संख्या हे या विषयाचे पाय आहेत आणि ते अकरावी-बारावीतच शिकवले जातात.
- पुढे भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स, यापैकी कुठूनही या क्षेत्रात जाता येतं.
- स्वयम-एनपीटीईएलवर अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचं तरच फी लागते.
- 'आठ दिवसांत क्वांटम इंजिनिअर, नोकरीची हमी' असं सांगून हजारो रुपये मागणाऱ्यांपासून दूर राहा. दोन दिवसांत ओळख होते, नोकरी मिळत नाही.
- मुलींना जरूर पाठवा. शहरातल्या क्लासला जाणं ज्यांना जमत नाही, त्यांना गावातल्या कार्यशाळेचा जास्त उपयोग आहे.

केळशीपासून जवळच, आंजर्ल्याच्या शेजारी मुर्डी गाव आहे. तिथले रँग्लर र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. तेव्हा या भागात वीजही नव्हती. कोकणातल्या आपल्या घरांतून आखातात आणि जहाजावर जायची वाट जुनी आहे, ती वाईटही नाही. पण मुलाला किंवा मुलीला गणिताची आवड असेल, तर दुसरीही वाट आहे हे त्यांना वेळेवर कळायला हवं.

मे महिन्यात मुंबईकर गावी येतात. त्यांत इंजिनिअर असतात, कॉलेजची मुलं असतात, लॅपटॉपही असतात. दहावीची परीक्षा झालेली असते आणि अकरावीचा प्रवेश अजून व्हायचा असतो. कार्यशाळेसाठी हेच दिवस सगळ्यांत सोयीचे.