एन. डी. सर आणि आपला सीमाप्रश्न

मंडळी, आपल्या भागासाठी झटलेल्या माणसांच्या आठवणी आपण इथे लिहितो. आज प्रा. एन. डी. पाटील यांच्याबद्दल लिहितोय. तसे ते बेळगावचे नव्हेत. सांगली जिल्ह्यातल्या ढवळी गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. जन्म १५ जुलै १९२९ चा. पण बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरांत त्यांना कुणी कधी पाहुणा मानलं नाही.

मी स्वतः शहापुरात वाढलेला आणि जन्मभर शाळेत मास्तरकी केलेला. त्यामुळे मला त्यांच्यातला पुढारी नंतर दिसायचा, मास्तर आधी. १९५४ ते १९५७ या काळात ते साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक होते. तिथल्या ‘कमवा आणि शिका’ योजनेचे रेक्टरही तेच. सकाळी शेतात राबून दुपारी वर्गात बसणारी पोरं त्यांच्या हाताखाली शिकली. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. १९५७ ला नोकरी सोडून ते मुंबईत गिरणी कामगारांच्या कामात गेले. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, तो शेवटपर्यंत बदलला नाही. १९६० मध्ये विधान परिषदेवर गेले आणि तिथे एकूण १८ वर्षं राहिले. १९७८ ते ८० सहकारमंत्री, १९८५ ला कोल्हापूरचे आमदार. आणि १९९० पासून ज्या रयत शिक्षण संस्थेत शिकवलं, तिचेच चेअरमन!

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. १७ जानेवारी १९५६ ला बेळगाव आणि निपाणीत गोळीबार झाला, निपाणीच्या कमळाबाई मोहिते त्यात गेल्या. तेव्हापासून आपल्याकडे त्या दिवशी हुतात्म्यांना अभिवादन होतं. माझे वडील १९५८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. त्यामुळे घोषणा आमच्या घरात पाळण्यापासून ऐकलेल्या. पण आपली मागणी नेमकी कशावर उभी आहे, हे विचारलं तर आम्हा पोरांना धड सांगता यायचं नाही.

ते मला एन. डी. सरांच्या सभांत कळलं. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनानंतर मी त्यांना बऱ्याचदा ऐकलं. आवाज खडा, पण भाषण अभ्यासाचं. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही चार तत्त्वं फळ्यावर लिहावीत तशी एकेक करून समजावायचे. आंध्र-मद्रासची सीमा ठरवताना पाटसकरांनी खेडं हा घटक धरला होता. मग तो न्याय आम्हाला का नाही, एवढाच आपला सवाल. सभेला आलेला शेतकरीसुद्धा घरी जाताना हा मुद्दा दुसऱ्याला सांगू शकायचा.

यात एक अवघड जागा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. १९६७ च्या महाजन अहवालाने महाराष्ट्राला २६४ गावं देऊ केली होती. त्यात निपाणी होती, खानापूर होतं. बेळगाव मात्र नव्हतं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. माझी आत्या निपाणीत दिलेली. ती बाबांना तोंडावर म्हणायची, “तुमच्या बेळगावापायी आमचं राहिलं की रे दादा!” बाबा गप्प बसायचे. महाजनांनी एकच कसोटी सगळीकडे लावली नाही, हे उत्तर मला पुढे सभांतून मिळालं. उत्तर बरोबर आहे असं मला आजही वाटतं, पण आत्याचं म्हणणं खोटं होतं असं म्हणवत नाही. तत्त्वासाठी कुणीतरी किंमत मोजतं, आणि मोजणाऱ्याला दर वेळी विचारलेलं असतंच असं नाही.

२००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. ८६५ गावांचा हा दावा अजून तिथेच आहे. सीमाप्रश्नाच्या तज्ज्ञ समितीचं अध्यक्षपद सरांनी उतारवयातही सांभाळलं. कोर्टाच्या कागदांतून मतं मिळत नाहीत, टाळ्याही नाहीत. वर्गावरच्या माणसालाच ही चिकाटी जमते. वह्या तपासायच्या, पुन्हा तपासायच्या.

१७ जानेवारी २०२२ ला, हुतात्मादिनीच, सर कोल्हापुरात गेले. वय ९२. निकाल त्यांनी पाहिला नाही.

आज चित्र बदललंय. २०१८ आणि २०२३ ला समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. पोरं पुण्या-बेंगळुरात नोकऱ्या करतात. माझा नातू फाडफाड कानडी बोलतो, त्याचे जिवलग मित्र कानडी आहेत, आणि मला त्याचा आनंदच आहे. आपलं भांडण त्या भाषेशी कधीच नव्हतं. परवा त्यानं विचारलं, “आजोबा, हे सगळं अजून कशाला?” मी त्याला समोर बसवलं, कागदावर ती चार तत्त्वं लिहून दिली, महाजनांचे आकडे लिहिले, आणि त्याच्या पणजीसारख्याच त्या निपाणीच्या आत्येआजीचं म्हणणंही सांगितलं. पटलं की नाही, ते त्यानं ठरवावं.

निपाणी, खानापूर, कारवारकडच्या मंडळींनो, तुमच्या घरात सरांच्या किंवा त्या दिवसांच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.