चार बिऱ्हाडं, एक मैदान : लंडनच्या रग्बीचा 'डबल हेडर'

आयपीएलमुळे 'डबल हेडर' हा शब्द आता आपल्या घराघरांत पोचला आहे. एक सामना दुपारी, एक संध्याकाळी. पण आयपीएलचे ते दोन सामने बहुतेक वेळा दोन वेगळ्या शहरांत होतात. एकत्र येतात ते फक्त आपल्या टीव्हीवर. आज आपण ज्या डबल हेडरचा इतिहास बघणार आहोत तो खरोखर एकाच मैदानावरचा होता. एक तिकीट, एक मैदान, एका दुपारी पाठोपाठ दोन सामने आणि चार क्लब. सप्टेंबर 2004 मध्ये लंडनमधल्या ट्विकनहॅम स्टेडियमवर तो पहिल्यांदा झाला आणि इंग्लंडच्या प्रीमियरशिप रग्बीच्या हंगामाचा नारळ पुढची बरीच वर्षं तिथंच फुटत राहिला.

याला नाव होतं 'लंडन डबल हेडर'. चार क्लब म्हणजे वास्प्स, सॅरासेन्स, लंडन आयरिश आणि हार्लेक्विन्स. आता गंमत बघा. 2004 साली या चारपैकी तीन क्लब लंडनमध्ये खेळतच नव्हते. वास्प्स खेळायचे हाय विकमला, म्हणजे लंडनच्या मध्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवर. लंडन आयरिश त्याहूनही लांब, रेडिंगला. सॅरासेन्स वॉटफर्डला. आणि तिघंही फुटबॉल क्लबांच्या मैदानांवर. म्हणजे 'लंडन डबल हेडर' हा लंडनच्या क्लबांचा उत्सव होता हे खरं. पण त्याच्याकडे नीट पाहिलं तर वर्षातला तो असा दिवस होता, की ज्या दिवशी लंडनचे म्हणवणारे हे चारही क्लब एकदम लंडनमध्ये सापडत. आजचा आपला सगळा विषय या एका विसंगतीचा आहे.

ही वेळ आली कशी? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

रग्बी युनियन म्हणजे पंधरा-पंधरा जणांचा खेळ. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं, पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. 26 जानेवारी 1871 ला लंडनमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये 21 क्लबांच्या सभेत रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. वास्प्स हा 1867 चा क्लब, पण संस्थापकांत त्याचं नाव नाही. आख्यायिका अशी की त्यांचा प्रतिनिधी चुकीच्या ठिकाणी गेला, पत्ता चुकला. खरं-खोटं देव जाणे, पण पत्ता चुकण्याची ही गोष्ट लक्षात असू द्या.

पुढं ऑगस्ट 1895 मध्ये मोठी फूट पडली. उत्तरेकडच्या गिरण्या-खाणींच्या गावांतले खेळाडू कामगार होते. शनिवारी सामना खेळायचा तर कामाचा खाडा पडायचा, मजुरी बुडायची. बुडालेली मजुरी भरून द्या, एवढीच त्यांची मागणी होती. युनियनने ती नाकारली. हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले, वेगळे झाले, आणि त्यातून पुढं 'रग्बी लीग' हा निराळा खेळच उभा राहिला. दक्षिणेत, म्हणजे लंडनकडे, उरलं ते हौशी रग्बी. वकील, डॉक्टर, बँकवाले, शिक्षक. पैसा घ्यायचा नाही हा तिथला धर्म. गिरणगावातल्या कबड्डीची आणि जिमखान्यातल्या क्रिकेटची हवा ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हा भेद फार समजावून सांगायला नको.

हौशी धर्म पुढं शंभर वर्षं टिकला. या काळात लंडनच्या क्लबांची घरं कशी होती? छोटी, पण स्वतःची. वास्प्सचं सडबरीला, 1923 पासून. लंडन आयरिशचं सनबरीला. हा 1898 चा क्लब, लंडनमध्ये पोटापाण्यासाठी आलेल्या आयरिश मंडळींनी काढलेला. स्थलांतरितांचा क्लब म्हणजे काय असतं हे परगावी महाराष्ट्र मंडळ चालवणाऱ्यांना विचारा. सॅरासेन्स साउथगेटला, जवळजवळ सार्वजनिक बागेतच. एखादाच स्टँड, एक क्लबहाउस, मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. बघायला येणारे बरेचसे माजी खेळाडूच.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर ट्विकनहॅम. 1907 साली युनियनने सव्वादहा एकर जमीन 5,572 पौंड, 12 शिलिंग, 6 पेन्सला घेतली. बिली विल्यम्स या गृहस्थांनी ती शोधली. भाजीपाल्याची जमीन, म्हणून लोकांनी नाव ठेवलं 'बिली विल्यम्सचा कोबीचा मळा'. इतक्या लांब कोण येणार, म्हणून टीकाही झाली. 2 ऑक्टोबर 1909 ला तिथला पहिला सामना झाला तो हार्लेक्विन्स विरुद्ध रिचमंड. म्हणजे राष्ट्रीय मैदान म्हणून बांधलेल्या या जागेवर पहिला सामना दोन क्लबांचाच होता! हार्लेक्विन्सला ते घरचं मैदान म्हणून मिळालं, आणि 1963 मध्ये त्यांनी स्वतःची जागा घेतली तीही समोरच, रस्त्याच्या पलीकडे. चौघांत ट्विकनहॅमला चालत जाऊ शकणारा हा एकच क्लब.

इथं आपला भारतही येतो. ट्विकनहॅमवर इंग्लंड-स्कॉटलंड सामना होतो तो कलकत्ता कपासाठी. 1870 च्या दशकात कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब सभासदांअभावी बंद पडला. तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, रुपये वितळवले, त्याचा कप घडवला आणि युनियनला दिला. मैदानही गेलं, क्लबही गेला, नाव मात्र कपावर राहिलं. क्लब मेला की काय उरतं, या प्रश्नाचं इतकं चकचकीत उत्तर दुसरं नसेल.

आता ऑगस्ट 1995. शंभर वर्षांनी युनियनचा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला. एका घोषणेत. वर्षभरात धनिक मालक आले, खेळाडूंना पगार सुरू झाले. पगार द्यायचे तर तिकिटं विकायला हवीत, आणि सडबरीच्या एका स्टँडवर किती तिकिटं विकणार? म्हणून क्लब घराबाहेर पडले. वास्प्स 1996 मध्ये लॉफ्टस रोडला गेले, फुटबॉलवाल्या क्यूपीआरच्या मैदानावर. सॅरासेन्स 1997 मध्ये वॉटफर्डला. लंडन आयरिश 2000 मध्ये रेडिंगला. 1999 मध्ये रिचमंड आणि लंडन स्कॉटिश हे दोन जुने क्लब पैशाअभावी व्यावसायिक पटावरून पुसलेच गेले आणि कागदोपत्री लंडन आयरिशमध्ये विलीन झाले. 1909 ला ट्विकनहॅमचं उद्‌घाटन करणारा रिचमंड तो हाच. 2002 मध्ये लॉफ्टस रोडला फुलहॅमचा फुटबॉल संघ आला, तेव्हा वास्प्सना पुन्हा गाठोडं बांधावं लागलं. या वेळी हाय विकम, प्रेक्षकक्षमता दहा हजारांच्या आसपास.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ते हे असं. आणि याच भाडेकरूने 2003, 2004 आणि 2005 अशी सलग तीन वर्षं प्रीमियरशिप जिंकली, वर 2004 मध्ये युरोपचा कपही. सप्टेंबर 2004 मध्ये पहिल्या डबल हेडरला वास्प्स उतरले ते युरोपचे विजेते म्हणून. ज्या संघाला घर नव्हतं तो त्या वेळी खंडातला सर्वोत्तम संघ होता.

मग डबल हेडरची युक्ती काय होती? हिशेब साधा. बारा क्लबांची लीग, पहिल्या आठवड्यात सहा सामने. त्यातले दोन उचलायचे आणि एका दिवसात ट्विकनहॅमवर ठेवायचे. एकट्या वास्प्ससाठी किंवा एकट्या आयरिशसाठी एवढं मोठं स्टेडियम भरणं अशक्य. पण चार क्लबांचे प्रेक्षक, शिवाय 'बघू तरी' म्हणून येणारी कुटुंबं, एका तिकिटात दोन सामने! सप्टेंबरचं ऊन, मैदान कोरडं, खेळ मोकळा. (मुंबईचं रग्बी भर पावसाळ्यात, चिखलात रंगतं, तिथं गणित उलटं.) एक रग्बी सामना मध्यंतर धरून पावणेदोन तास चालतो. पहिला संपला की त्या प्रेक्षकांनी उठून जायचं नाही, बसून राहायचं.

हे बसून राहणं आपल्याला फार महत्त्वाचं वाटतं. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या प्रेक्षकांना संघांनुसार वेगळं बसवतात, आणि मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्यावर 1985 पासून कायद्याने बंदी आहे. रग्बीत यातलं काहीच नाही. आयरिशचा हिरवा शर्ट आणि क्विन्सचा रंगीबेरंगी चौकड्यांचा शर्ट शेजारी शेजारी, हातात बिअरचे पेले. फुटबॉलच्या चार क्लबांचा असा दिवस कोणत्याही पोलिसप्रमुखाने मंजूर केला नसता. म्हणजे मार्केटिंगवाल्यांनी नवी कल्पना काढली हे खरं असलं, तरी तिच्या खालची जमीन जुन्या हौशी क्लबांनीच तयार केलेली होती.

खेळाच्या दृष्टीने या मालिकेतला सर्वांत गाजलेला सामना 2012 चा. हार्लेक्विन्स त्या मे महिन्यात पहिल्यांदा विजेते झालेले. वास्प्सची अवस्था उलट. त्याच मे महिन्यात ते कसेबसे खालच्या विभागात घसरण्यापासून वाचले होते आणि क्लब बंद पडायच्या कडेवर होता. उन्हाळ्यात नवा मालक मिळाला म्हणून तरले. अशा वास्प्सने सप्टेंबरमध्ये विजेत्यांवर 27 गुणांची आघाडी घेतली. ज्यांनी महिनोन् महिने आपला क्लब राहतो की जातो या धास्तीत काढले होते, त्यांनी ते बघितलं. आणि मग क्विन्स परतले. 42-40. हरले वास्प्सच, पण त्या दिवशी निदान हरायला क्लब होता.

त्यानंतरचं फार भराभर घडलं. 1999 पासून हा क्लब 'लंडन वास्प्स' म्हणवत असे. 2014 च्या उन्हाळ्यात त्यांनी नावातलं 'लंडन' काढून टाकलं. तरी सप्टेंबरमध्ये डबल हेडरला आले, सॅरासेन्सशी खेळले. आणि त्याच डिसेंबरात क्लब कॉव्हेंट्रीला गेला, लंडनपासून जवळजवळ दीडशे किलोमीटर. या वेळी भाड्याने नाही, स्टेडियमच विकत घेऊन. तिथला त्यांचा पहिला सामना कोणाशी? लंडन आयरिशशी. अठ्ठावीस हजारांवर लोक आले. अखेर स्वतःचं घर झालं, पण ज्यांच्यासाठी ते हवं होतं ती माणसं मागे राहिली.

चारातला एक गेल्यावर डबल हेडरची चौकट मोडली. 2016 मध्ये क्विन्ससमोर ब्रिस्टल होतं आणि सॅरासेन्ससमोर वूस्टर. दोघांचाही लंडनशी काही संबंध नाही. 2017 मध्ये सॅरासेन्सने नॉर्थम्प्टनला 55-24 हरवलं आणि नुकत्याच वर आलेल्या लंडन आयरिशने हार्लेक्विन्सना 39-29. आयरिशसाठी तो स्वप्नासारखा दिवस. हंगामाच्या शेवटी मात्र ते तळाला राहून पुन्हा खाली गेले. त्यानंतर लंडन डबल हेडर झाला नाही.

आता मत विचाराल तर सांगतो. काहीजण म्हणतात, हा उपक्रम म्हणजे लंडन रग्बीचा सुवर्णकाळ. आम्हाला तसं वाटत नाही. वर्षातून एक दुपार भरलेलं स्टेडियम दाखवता येतं, म्हणून बाकीचे शनिवार कोणी नीट मोजले नाहीत. ट्विकनहॅमच्या त्या गर्दीने वॉटफर्ड, रेडिंग आणि हाय विकमच्या रिकाम्या खुर्च्या झाकल्या. पण हेही खरं की हाय विकमपर्यंत जाणं न परवडणाऱ्या सडबरीच्या जुन्या वास्प्सवाल्याला या दिवसाखेरीज दुसरं काय होतं? प्रदर्शन म्हणून तो दिवस फसवा होता, भेट म्हणून खरा होता.

चौघांचं पुढं काय झालं तेवढं सांगून थांबू. सॅरासेन्स 2013 मध्येच उत्तर लंडनमध्ये आपल्या मैदानावर परतले, युरोप जिंकले, आणि पगारमर्यादा मोडली म्हणून 2019 मध्ये जबर दंड आणि गुणकपात, मग खालच्या विभागात रवानगी, असं सगळं भोगून पुन्हा वर आले. वास्प्स कॉव्हेंट्रीच्या कर्जाखाली ऑक्टोबर 2022 मध्ये कोसळले, एका दिवसात सगळे खेळाडू नोकरीविना. लंडन आयरिश वीस वर्षांनी, 2020 मध्ये, ब्रेंटफर्डला म्हणजे खऱ्या लंडनमध्ये परत आले. जून 2023 मध्ये पैशाअभावी त्यांना लीगमधून निलंबित केलं गेलं. हार्लेक्विन्स आहेत तिथंच आहेत, ट्विकनहॅमच्या समोर. 2008 पासून ते डिसेंबरात रस्ता ओलांडून मोठ्या स्टेडियमवर आपला एक 'बिग गेम' खेळतात. एकच सामना, आणि यजमानही एकटे तेच.