'जणू' नको : पहिल्या पिस्तुलाला दिलेल्या उपदेशाचा इतिहास

एखादी वस्तू प्रथमच हाती घेणाऱ्याला केलेला उपदेश हा एक स्वतंत्र लेखनप्रकार मानावा, असे आम्हांस वाटते. वाङ्मयाच्या इतिहासांनी त्याची दखल घेतलेली नाही. औषधाच्या वेष्टनावरील सूचना किंवा यंत्रासोबत येणारी पुस्तिका कोणी 'वाचत' नाही, फक्त पाळतो किंवा पाळत नाही. तरीही या लेखनात आज्ञार्थ आहे, क्रम आहे, अलंकारही आहेत. अर्धस्वयंचलित पिस्तूल प्रथमच बाळगणाऱ्याला जो उपदेश गेल्या सव्वाशे वर्षांत घडत गेला, त्याचे उदाहरण आम्ही येथे घेत आहोत. विषय आपल्या अभ्यासाला परका वाटेल, हे आम्ही जाणतो. परंतु या उपदेशात 'जणू' हा एक शब्द ठेवावा की गाळावा यावर वाद झाला आहे, आणि त्या वादाच्या तळाशी माणसांचे जीव आहेत.

प्रथम वस्तूविषयी. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले आणि इतके मुरले की आज ते परके वाटत नाहीत. एकोणिसाव्या शतकातील रिव्हॉल्व्हर हे तुलनेने उघडे शस्त्र होते. त्याचे फिरते चक्र बाजूला काढले की सहाही घरे डोळ्यांसमोर येत, काडतूस आहे की नाही हे दिसे. १८९३ च्या बोर्कार्ट पिस्तुलाने काडतुसांचे मॅगझिन मुठीत नेले. पुढे जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने रचलेले आणि बेल्जियममधील एफ. एन. कारखान्याने काढलेले १९०० चे पिस्तूल आले, आणि नळीवर मागेपुढे सरकणारी 'स्लाइड' रूढ झाली. गोळी सुटताना जो धक्का मागे येतो, त्याच्याच जोरावर स्लाइड मागे जाते, रिकामे कवच बाहेर फेकते आणि परतताना मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या चेंबरमध्ये बसवते. चाप मात्र दर गोळीस नव्याने ओढावा लागतो. म्हणून ते 'अर्ध'स्वयंचलित.

याचा परिणाम असा, की एक काडतूस कायम दृष्टीआड राहू लागले. मॅगझिन काढून टेबलावर ठेवले की नवख्या मालकास शस्त्र रिकामे झाल्यासारखे वाटते. चेंबरमधले ते एक तसेच राहते. म्हणून उपदेशाचे पहिले सूत्र क्रमाचे आहे: नळी सुरक्षित दिशेस, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून अडकवावी, मग चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. हाच क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मागाहून मॅगझिन काढले, तर एक काडतूस बाहेर पडताना दिसते आणि दुसरे गुपचूप आत जाऊन बसते. क्रिया त्याच, हातही तेच. केवळ क्रम बदलल्याने अर्थ उलटा होतो. कथनाचा क्रम आणि घटनांचा क्रम यांचे नाते विद्यार्थ्यांना समजावताना याहून निष्ठुर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कारागिरांना हा धोका कळला नव्हता, असे नाही. जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेल्या लुगर पिस्तुलात चेंबर भरलेले असले की एक पट्टी किंचित वर उचलली जाई आणि तिच्यावर कोरलेला 'गेलाडेन', म्हणजे 'भरलेले', हा शब्द दिसे. एका शब्दाची ती सूचनापुस्तिकाच होती. अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलेल्या ब्राउनिंगच्या कोल्ट पिस्तुलात अंगठ्याचा खटका होता, शिवाय मूठ नीट आवळल्यावाचून चाप चालू न देणारी दुसरी कळही होती. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारल्यावर द्यूदोने सेव्ह यांनी पूर्ण केलेल्या १९३५ च्या 'हाय-पॉवर' पिस्तुलात तर मॅगझिन काढताच चाप निकामी होत असे. येथे यंत्रानेच माणसाची चूक पोटात घेतली. पण अशा पिस्तुलावर शिकलेला माणूस १९८२ च्या ऑस्ट्रियन ग्लॉककडे वळला की फसतो. त्यात ती सोय नाही, आणि ते सफाईसाठी उघडण्यापूर्वी चाप ओढावाच लागतो. तेव्हा यंत्राचा भरवसा हा त्या यंत्रापुरताच. उपदेश मात्र सर्व यंत्रांना लागू पडेल असा हवा होता.

तो जेफ कूपर यांनी दिला. अमेरिकेच्या मरीन दलातील हे माजी अधिकारी; १९७६ मध्ये त्यांनी ॲरिझोना राज्यात पिस्तूलशिक्षणाची शाळा काढली, आणि २००६ मध्ये ते वारले. त्यांच्या चार नियमांपैकी तीन आज्ञार्थी आहेत. जे नष्ट करण्याची तयारी नाही त्यावर नळी रोखू नये. नेम लागेपर्यंत बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य काय आहे आणि त्याच्यामागे काय आहे याची खात्री करावी. पहिला नियम मात्र आज्ञा नसून विधान आहे: प्रत्येक शस्त्र नेहमीच भरलेले असते. हे विधान उघडच खोटे आहे. म्हणून अनेक शिक्षकांनी ते सुधारले, आणि शस्त्र जणू भरलेले आहे असे समजून वागावे, अशी मवाळ रचना केली. कूपर यांना ती मान्य नव्हती.

आपल्या अलंकारशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा वाद उत्प्रेक्षा आणि रूपक यांच्यातला आहे. 'जणू' म्हटले की उपमेय आणि उपमान यांच्यात फट राहते. बोलणारा मनात जाणतो की हे खरे नव्हे. रूपकात ती फट बुजते. शस्त्राच्या बाबतीत याच फटीतून अपघात शिरतो. 'भरलेले नाहीच, पण भरलेले समजू' असे म्हणणारा माणूस दमला, घाईत असला किंवा मित्रांना दाखवीत असला, म्हणजे वाक्याचा पूर्वार्धच त्याच्या लक्षात राहतो. 'रिकामे आहे असे वाटले' हे वाक्य अशा अपघातांनंतर पुन्हा पुन्हा ऐकू येते. कूपर यांचे असत्य विधान म्हणूनच अधिक नैतिक आहे, असे आमचे मत झाले आहे.

या इतिहासाशी मराठी समाजाचा संबंध जुना आणि रक्ताने माखलेला आहे. १९०९ मध्ये लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस आली. त्यांपैकीच एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगासाठी आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. रिव्हॉल्व्हरच्या फुगीर चक्रावाचूनचे, खिशात मावणारे हे चपटे यंत्र आपल्या इतिहासात असे शिरले. आपल्या स्मृतीत त्याची वीरगाथा आहे, शोकांतिकाही आहे, सूचनापुस्तिका नाही.

कायद्याने ती उणीव उशिरा भरली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवाना सक्तीचा ठेवला. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. तरी कपाटाचे कुलूप कायद्याला लावता येत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे नव्या मालकाने सर्वांत आधी ज्याचे भय धरावे तो रात्री येणारा चोर नसून घरातलाच कोणी खचलेला माणूस आहे, किंवा कपाट उघडणारे मूल. शस्त्र कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली आपल्याजवळ. आणि घरात कोणाचे मन बिघडले असेल तर शस्त्र कायदेशीर मार्गाने घराबाहेर, हा उपदेशाचा चारही नियमांइतकाच महत्त्वाचा भाग होय.

खंडेनवमीला शस्त्रे काढून, पुसून, पूजण्याची आपली रीत आहे. पूजेआधी ते शस्त्र उघडून आत पाहावे, आणि रिकामे दिसले तरी ते भरलेलेच आहे असे म्हणावे. 'जणू' न लावता.