पंचविसाचा आकडा

* ‘चप्पल प्रकरण’ : २३ मार्च २०१७. उस्मानाबादचे (आता धाराशिव) तत्कालीन शिवसेना खासदार रवींद्र गायकवाड यांच्याकडे बिझनेस क्लासचे तिकीट होते. एअर इंडियाच्या पुणे–दिल्ली विमानात तो वर्गच नव्हता. दिल्लीत पोचल्यावर ते विमानातून उतरेनात, वाद पेटला आणि एका वयस्क कर्मचाऱ्याला मारहाण झाली. तक्रारीला जागा होती, हे मान्यच. पण हसे झाले ते पुढे कॅमेऱ्यासमोर त्यांनी आपणहून सांगितलेल्या आकड्यामुळे : चपलेने २५ वेळा मारले! मारणाऱ्यानेच मोजदाद ठेवल्यावर वकिलाने तरी नाकारायचे काय? विमान कंपन्यांनी प्रवासबंदी घातली, खासदारांना रेल्वे धरावी लागली. मंत्र्यांना पत्र लिहून खेद कळवल्यावर ७ एप्रिलला बंदी उठली. मारहाण हा विनोदाचा विषय नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र लोक हसले ते मार खाणाऱ्याला नव्हे, फुशारकीला. २०१९ मध्ये पक्षाने उमेदवारी ओमराजे निंबाळकरांना दिली. ती केवळ चपलेपायी हुकली असे सर्रास सांगितले जाते. जिल्ह्याचे राजकारण इतके सरळ कधीच नव्हते.